झोप उडवणारी नशा : लक्षणे वाचावीत कशी, मदत मिळवावी कुठे

व्यसनी मुलगा म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे एक ठरावीक चित्र उभे राहते. पेंगुळलेला, डोळे अर्धवट मिटलेला, कोपऱ्यात बसून राहणारा. महाराष्ट्राच्या मनात हे चित्र १९८० नंतरच्या दशकात ठसले. तेव्हा मुंबई-पुण्यात 'गर्द', म्हणजेच ब्राउन शुगर, पसरली होती. गर्द हे अफूपासून बनवलेले हेरॉइनचे अशुद्ध रूप. ते मेंदूचे काम मंदावते, डोळ्यांतील बाहुली टाचणीच्या टोकाएवढी करते आणि माणसाला गुंगीत ठेवते. शिक्षकांनी त्या काळी जी लक्षणे शिकून घेतली ती गर्दची होती.

आज ज्या नशेबद्दल पालक विचारतात ती बरोबर उलट्या जातीची आहे. मेथॲम्फेटामाइन (बोलण्यात 'मेथ', 'आइस' किंवा 'क्रिस्टल') आणि मेफेड्रोन (बोलण्यात 'एमडी' किंवा 'म्याव म्याव') हे उत्तेजक पदार्थ आहेत. ते घेणारा सुरुवातीला पेंगत नाही, उलट त्याची झोप उडते. तो उत्साही दिसतो, भरभर बोलतो, रात्र-रात्र जागतो. वर्गातल्या शिक्षकाला तो काही दिवस 'सुधारलेला' विद्यार्थीही वाटू शकतो. म्हणून ही लक्षणे वेगळी समजून घ्यायला हवीत. आणि ती समजल्यावर त्यांचा उपयोग कसा करायचा, हे तर त्याहून अधिक समजून घ्यायला हवे.

कारखान्यातून येणारा पदार्थ

बुलडाणा जिल्ह्यातील अमडापूरसारख्या गावच्या शाळेत या विषयाचे काय काम, असा प्रश्न साहजिकच पडेल. त्याचे एक उत्तर रसायनशास्त्रात आहे. गांजा किंवा अफू शेतातून येते, तर मेथ आणि एमडी कारखान्यातून येतात. एप्रिल २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी सोलापूरजवळच्या चिंचोळी औद्योगिक वसाहतीतून अनेक टन एफेड्रिन जप्त केले. एफेड्रिन हे एके काळचे दम्याचे औषध, पण मेथ बनवण्याचा कच्चा मालही तेच. ऑक्टोबर २०२३ मध्ये महसूल गुप्तचर संचालनालयाच्या कारवाईत पैठणच्या औद्योगिक वसाहतीत मेफेड्रोन आणि केटामाइन सापडले. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी दौंड तालुक्यातील कुरकुंभ येथून शेकडो किलो मेफेड्रोन जप्त केले. हा माल परदेशातून बंदरावर उतरला नव्हता. तो आपल्याच राज्यात, शेतशिवारांना लागून असलेल्या वसाहतींत तयार होत होता.

दुसरे उत्तर अधिक जवळचे आहे. अमडापूरची मुले दहावी-बारावीनंतर चिखली, बुलडाणा, खामगाव येथे जातात. पुढे छत्रपती संभाजीनगर किंवा पुण्याला खोली घेऊन राहतात. तिथे त्यांना ओळखणारे मोठे माणूस सहसा कोणी नसते. गावातले शिक्षक हे त्यांना नीट ओळखणारे, पण घराबाहेरचे असे बहुधा शेवटचे माणूस असतात.

हे पदार्थ तसे जुने आहेत. मेथ प्रथम तयार केले ते जपानच्या नागाई नागायोशी या रसायनशास्त्रज्ञाने, १८९३ साली, एफेड्रिनपासूनच. १९३८ पासून जर्मनीत ते 'परविटिन' नावाने गोळ्यांच्या रूपात मिळू लागले आणि दुसऱ्या महायुद्धात सैनिकांना जागे ठेवण्यासाठी वाटले गेले. युद्धानंतर जपानमध्ये अशा गोळ्यांच्या व्यसनाची लाटच आली आणि १९५१ साली तिथे त्याविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला. मेफेड्रोन १९२९ साली तयार झाले आणि पुढे सत्तर-एक वर्षे विस्मरणात गेले. मेथच्या रेणूत एक ऑक्सिजनचा अणू आणि एक मिथिल गट अधिक असला की मेफेड्रोन होते, इतकी ही दोन जवळची भावंडे. भारतात मेफेड्रोन अमली पदार्थांच्या कायद्याखाली आले ते फेब्रुवारी २०१५ मध्ये.

मेंदूत काय घडते?

मेंदूतील चेतापेशी एकमेकींशी रसायनांच्या मदतीने बोलतात. त्यांपैकी डोपामाइन हे 'हे चांगले आहे, पुन्हा कर' असा निरोप देणारे रसायन. निरोप पोचला की पेशी ते परत आत ओढून घेते आणि पुढच्या वेळेसाठी साठवून ठेवते. मेथ या पेशीत शिरते आणि आत ओढणारा पंप उलटा फिरवते. साठवलेले डोपामाइन एकदम बाहेर पडते. प्राण्यांवरील प्रयोगांत ते नेहमीच्या पातळीच्या दहा पटींवर गेलेले दिसले आहे. आवडीचे खाणे मिळाल्यावर ते साधारण दीडपट होते.

विहिरीचे उदाहरण घेऊ. मोटर लावून रात्रभर उपसा केला तर शेतात भरपूर पाणी दिसते, पण नवे पाणी कुठून आलेले नसते. सकाळी विहीर कोरडी पडते आणि झरे भरायला दिवस लागतात. नशा उतरल्यावर माणूस दिवस-दिवस झोपतो, चिडतो, उदास होतो, त्याला कशातच गोडी वाटत नाही, त्याचे कारण हेच. मेथचा अंमल बराच काळ टिकतो. ते शरीरातून निम्मे कमी व्हायलाच दहा-बारा तास लागतात. एमडीचा अंमल दोन-तीन तासांत ओसरतो, म्हणून ती एकाच रात्रीत पुन्हा पुन्हा घेतली जाते.

पहिल्यांदा घेण्याचे कारण दर वेळी मौज हेच असते असे नाही. परीक्षेच्या आधी जागण्यासाठी, रात्रपाळीसाठी, लांबच्या प्रवासात गाडी चालवण्यासाठी, वजन कमी करण्यासाठी, 'ही शक्तीची गोळी आहे' असे कोणी सांगितल्यामुळेही मुले-मुली याकडे वळतात.

काय दिसते?

शरीरावर दिसणारी लक्षणे अशी : उजेडातही मोठ्या राहिलेल्या बाहुल्या, भूक मरणे, झपाट्याने उतरणारे वजन, घाम, छातीत धडधड, दात कराकरा खाणे, कोरडे तोंड. नाकाने ओढणाऱ्याच्या नाकातून वारंवार रक्त येणे. बरेच दिवस घेतल्यावर दात किडणे आणि अंगावर किडे फिरल्याचा भास होऊन त्वचा खाजवून झालेल्या जखमा.

वागण्यात दिसते ते असे : दोन-तीन दिवस जागरण आणि मग दिवसभराची गाढ झोप, असे आलटून-पालटून. अखंड बडबड, एकाच वस्तूशी तासन् तास चाळा, अकारण संताप. पुढे संशय, 'माझ्या मागे कोणीतरी आहे' असे वाटणे, नसलेले आवाज ऐकू येणे. याखेरीज पैशांची न सुटणारी चणचण, जुने मित्र तुटणे आणि जवळ छोट्या प्लास्टिक पुड्या, जळक्या चांदीचा कागद किंवा काचेची नळी सापडणे.

एक छोटे गणित

ही यादी हातात आली की संशयाने वर्गाकडे पाहण्याचा मोह होतो. त्याआधी एक आकडेमोड करू. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केलेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात १० ते ७५ वयोगटात या जातीच्या उत्तेजकांचे सेवन ०.१८ टक्के आढळले, म्हणजे हजारात सुमारे दोन.

आपण सढळपणे हजारात पाच धरू. समजा, आपली यादी इतकी चांगली आहे की पाचांपैकी चार जण तिच्यात सापडतात. उरले ९९५. त्यांच्यातही जागरण, चिडचिड, वजन घटणे, एकटे राहणे ही लक्षणे दिसतातच. कुणाला रक्तक्षय असतो, कुणाची थायरॉइड ग्रंथी बिघडलेली असते, कुणाला नैराश्य असते, कुणाच्या घरी मारहाण होते, कुणाच्या बापावर कर्ज असते, कुणी नुसता परीक्षेला घाबरलेला असतो. दहात एक जण असा धरला तरी सुमारे शंभर झाले. म्हणजे यादीत बसणाऱ्या १०४ मुलांपैकी नशा करणारी फक्त चार. जो शिक्षक लक्षण पाहून आरोप करील तो शंभरात शहाण्णव वेळा चुकेल.

पण हेच गणित दुसऱ्या बाजूने वाचू. ही १०४च्या १०४ मुले कोणत्या ना कोणत्या अडचणीत आहेत. 'तू काय घेतोस?' हा प्रश्न त्यांपैकी चौघांनाच लागू पडतो, आणि तेही खोटे उत्तर देतील. 'काऊन रे, बरं नाही वाटत का तुले?' हा प्रश्न मात्र सगळ्यांना लागू पडतो. लक्षण हा पुरावा नव्हे, विचारपूस करण्याचे ते कारण आहे. हा भेद पाळला तर चूक झाली तरी कुणाचे नुकसान होत नाही.

बोलावे कसे?

एका लक्षणावर जाऊ नये. काही आठवड्यांत मुलात एकाच वेळी तीन-चार बदल झाले आहेत का, ते पाहावे. मग एकांतात, घाई नसताना बोलावे. 'तू बिघडलास' असे न म्हणता जे दिसले तेच सांगावे : 'गेल्या महिन्यात तू सात दिवस आला नाहीस. डबाही खात नाहीस. मला काळजी वाटते.' आणि मग गप्प बसून ऐकावे. दप्तर झडती, सर्वांसमोर चौकशी, शाळेतून नाव काढण्याची धमकी या गोष्टी टाळाव्यात. शाळेशी असलेला धागा तुटला की मदतीची वाटही तुटते. 'कुणालाच सांगणार नाही' असे वचन मात्र देऊ नये. 'तुला विचारल्याशिवाय सांगणार नाही, पण जिवाला धोका असेल तर सांगावेच लागेल,' हे खरे वचन आहे. पालकांना सांगतानाही घरी मारहाण होणार नाही ना, याचा अंदाज आधी घ्यावा.

काही वेळा थांबून चालत नाही. छातीत दुखणे, अंग तापलेले असणे, झटके येणे, बेशुद्धी किंवा अनावर बेभान अवस्था दिसली तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. अंग ओल्या फडक्याने गार करावे. बांधून ठेवू नये. शुद्ध नसताना तोंडात काही घालू नये. काय घेतले ते डॉक्टरांना खरे सांगावे. नशा सुटल्यानंतरच्या पहिल्या एक-दोन आठवड्यांत उदासी इतकी खोल जाऊ शकते की आत्महत्येचे विचार येतात. त्या काळात एकटे सोडू नये.

मदत कुठे?

गर्दसारख्या अफूजन्य नशेवर पर्यायी औषधे आहेत. मेथ-एमडीवर असे खास मान्यताप्राप्त औषध अजून नाही. पण उपचार आहेत, ते मुख्यत: समुपदेशनाचे : नशेची ओढ कशाने लागते ते ओळखून वागणूक बदलणे, नशामुक्त राहिलेल्या प्रत्येक टप्प्याला छोटे बक्षीस देणे, कुटुंबाला सोबत घेणे. वर्ष-सव्वा वर्ष मेथपासून दूर राहिलेल्यांच्या मेंदूच्या चित्रणात डोपामाइनचे पंप बऱ्याच अंशी भरून आलेले दिसले आहेत. विहीर पुन्हा भरते, फक्त वेळ लागतो.

सुरुवात फोनने करता येते. केंद्र शासनाची व्यसनमुक्ती मदतवाहिनी १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठी 'टेली-मानस' १४४१६ या दोन्ही नि:शुल्क आहेत. टेली-मानसवर मराठीतही बोलता येते. मुलगा अठरा वर्षांखालील असेल तर १०९८ ही मदतवाहिनीही आहे. प्रत्यक्ष भेटीसाठी बुलडाण्याच्या जिल्हा रुग्णालयातील मानसिक आरोग्य विभागात चौकशी करावी. पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली सुरू केलेले 'मुक्तांगण' हे व्यसनमुक्ती केंद्र आहे. ते सुरू झाले गर्दच्या काळात, पु. ल. देशपांडे यांच्या देणगीच्या आधाराने.

'पोलिसात नाव जाईल' या भीतीने अनेक घरे गप्प बसतात. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याचे कलम ६४ अ त्यांना माहीत असायला हवे. केवळ सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेला व्यसनी माणूस स्वत:हून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेऊन ते पूर्ण करील तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळते. मुलांना नशा पुरवणाऱ्याला मात्र २०१५ च्या बाल न्याय कायद्याखाली सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. म्हणून विकणाऱ्याची माहिती पोलिसांना द्यावी आणि घेणाऱ्या मुलाला डॉक्टरांकडे न्यावे. या दोन वाटा वेगळ्या ठेवाव्यात.

१४४४६, १४४१६, १०९८ आणि १०८ हे चार क्रमांक शाळेच्या सूचनाफलकावर, मुलांना एकटे असताना वाचता येतील अशा जागी लिहून ठेवावेत. ज्याला विचारायचा धीर होत नाही तो निदान वाचून जाईल.