विवाहभंग आणि परदेशातील रहिवास : काही गैरसमज

पांढुर्णा आणि सौंसर या तालुक्यांना सरहद्दीची सवय जुनी आहे. १९५६ पर्यंत नागपूर ज्या मध्य प्रदेशाची राजधानी होते, त्याच राज्यात छिंदवाडा जिल्ह्याचा हा मराठी मुलूख मोडत असे. राज्यपुनर्रचनेत नागपूर पलीकडे गेले आणि हा भाग मागे राहिला, तरी वरूड, काटोल, नरखेड, सावनेर यांच्याशी चालत आलेल्या सोयरिकी त्यामुळे थांबल्या नाहीत. २०२३ साली पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाल्यावरही थांबल्या नाहीत. त्या सरहद्दीपलीकडे दिलेल्या मुलीचा संसार दुर्दैवाने मोडला, तर ती माहेरी परतो की सासरच्याच गावी निराळे बिऱ्हाड करो, तिच्या तेथे राहण्याच्या हक्काबद्दल कोणी चकार शब्द काढीत नाही. याच सवयीने आपण मुलगी अमेरिकेला किंवा विलायतेला देतो. पत्रिका जुळते का, पगार किती, घर स्वतःचे की भाड्याचे, याची कसून चौकशी होते. पण मुलगी तेथे कोणत्या कागदाच्या आधारावर राहणार, हे विचारणारा वधूपिता विरळाच.

या अनास्थेतूनच सर्वांत घातक समजूत जन्म घेते. नवऱ्याने मनात आणले तर तो सरकारला एक पत्र लिहील आणि बायकोची रवानगी पुढच्या विमानाने होईल, अशी ती समजूत. आणि या एका धाकाखाली कितीतरी मुली मारहाण मुकाट्याने सोसतात. वस्तुस्थिती अशी की, रहिवासाचा परवाना सरकार देते आणि तो काढून घेण्याचा अधिकारही सरकारचाच असतो. पत्नीसाठी आपण दाखल केलेला अर्ज मंजुरीपूर्वी मागे घेणे नवऱ्याच्या हाती असते, हे खरे; परंतु एकदा मिळालेले ग्रीन कार्ड, म्हणजे अमेरिकेतील कायम रहिवासाचा परवाना, त्याच्या पत्राने रद्द होत नाही.

अमेरिकेत नोकरीसाठी गेलेल्या आपल्या मुलांपैकी पुष्कळांजवळ एच-१बी परवाना असतो आणि त्यांच्या पत्नी एच-४ वर राहतात. येथे दोन परस्परविरुद्ध गैरसमज एकाच वेळी नांदताना दिसतात. नवराबायको वेगळी राहू लागली की परवाना संपला, असे काहींना वाटते. तर पासपोर्टावरच्या व्हिसाची मुदत शिल्लक आहे तोवर घटस्फोट झाला तरी चिंता नाही, असे काहींना वाटते. दोन्ही चूक. केवळ विभक्त राहण्याने एच-४ संपत नाही, कारण कायद्याच्या दृष्टीने विवाह अद्याप उभा असतो. मात्र घटस्फोटाचा अंतिम हुकूमनामा झाला की पत्नी या नात्याने मिळालेला दर्जा लयाला जातो, मग शिक्क्यावरची तारीख काहीही असो. नोकरी गेलेल्या माणसाला तेथील नियम ६० दिवसांपर्यंत सवलत देतात, तशी सवलत घटस्फोटासाठी ठेवलेली नाही. म्हणून विद्यार्थी किंवा अन्य दर्जा मागावयाचा असेल, तर तो अर्ज हुकूमनाम्यापूर्वीच दाखल व्हावयास हवा. अमेरिकेबाहेर जन्मलेल्या मुलांचा एच-४ दर्जा मात्र बापाच्या नात्याने असल्यामुळे आईबापांच्या घटस्फोटाने जात नाही. जी कुटुंबे ग्रीन कार्डाच्या रांगेत वर्षानुवर्षे तिष्ठत आहेत, त्यांच्या बाबतीत तर ही तारीख फारच निर्णायक ठरते: नवऱ्याच्या नोकरीवरून केलेला अर्ज मंजूर होण्यापूर्वी विवाह संपला, तर त्या रांगेतले पत्नीचे स्थान जाते, मंजुरीनंतर संपला, तर तिचे कार्ड तिचेच राहते. ज्या स्त्रीने घरासाठी आपली नोकरी सोडून दहा वर्षे वाट पाहिली, तिच्या पदरी हे यावे, याला मी तरी न्याय म्हणणार नाही.

अमेरिकन नागरिकाशी किंवा ग्रीन कार्डधारकाशी विवाह करून कार्ड मिळाले असेल, तर ते हातात घेऊन नीट पाहावे. कार्ड मिळताना लग्नाला दोन वर्षे पूर्ण झाली नसतील, तर मुदत दोनच वर्षांची असते. अमेरिकन नागरिकाच्या पत्नीच्या कार्डावर अशा वेळी सीआर-१ किंवा सीआर-६ असा संकेत छापलेला आढळतो. ही अट उठविण्यासाठी एरवी दोघांना संयुक्त अर्ज करावा लागतो. पण घटस्फोट झाला असल्यास, विवाह निष्कपट हेतूने केला होता हे सिद्ध करून पत्नीला एकटीलाही तो करता येतो. त्यासाठी संयुक्त बँक खाते, भाडेपट्टी, विम्याची कागदपत्रे कामी येतात, म्हणून त्यांच्या नकला माहेरच्या कपाटात असाव्यात.

मारहाण होत असेल तर कायदा अधिक उदार आहे, सर्वत्र सारखा मात्र नाही. १९९४ च्या अमेरिकन कायद्यान्वये नागरिकाच्या किंवा ग्रीन कार्डधारकाच्या पीडित पत्नीला नवऱ्याच्या नकळत स्वतःचा अर्ज करता येतो, आणि छळामुळे घटस्फोट झाला असल्यास पुढे दोन वर्षांपर्यंत. एच-४ वरील स्त्रीला हा मार्ग मोकळा नाही. गुन्ह्याच्या तपासात साहाय्य करणाऱ्या पीडितांसाठी असलेला यू व्हिसा तिला मागता येतो, परंतु त्याची वार्षिक मर्यादा १०,००० असल्याने प्रतीक्षा दीर्घ असते. विलायतेत संबंध तुटल्याचे गृहखात्याला कळवावे लागते आणि जोडीदार म्हणून मिळालेल्या परवान्याची मुदत बहुधा ६० दिवसांवर आणली जाते. तथापि ब्रिटिश नागरिकाच्या छळ झालेल्या पत्नीला थेट कायम रहिवास मागता येतो. ‘चार दिवस माहेरी राहून ये’ म्हणून आणून सोडलेल्या आणि पुढे परत न नेलेल्या मुलींना हा अर्ज २०२४ पासून भारतातूनही करता येतो, ही वार्ता आपल्या भागात पोहोचली पाहिजे.

उलट बाजूही आहे. परदेशी सून सौंसरला आली, नोंदणीकृत विवाहाला दोन वर्षे झाली आणि त्या आधारावर तिने ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्ड घेतले, तर ते आजन्म आपले, असे ती मानते. पण नागरिकत्व कायद्याच्या कलम ७ड प्रमाणे विवाह विसर्जित झाल्यास ते कार्ड रद्द होऊ शकते. सात वर्षांच्या वास्तव्यानंतर नोंदणीने भारतीय नागरिकत्व घेतले असेल, तर केवळ घटस्फोटामुळे ते जात नाही.

शेवटी पासपोर्ट व हुकूमनामा. नवऱ्याने पासपोर्ट दडवून ठेवला म्हणजे हातपाय बांधले गेले, असे नाही. १९६७ च्या पासपोर्ट कायद्यानुसार भारतीय पासपोर्ट ही केंद्र सरकारची मालमत्ता आहे, आणि पोलिसांत तक्रार देऊन आपल्या वकिलातीकडे नवा मागता येतो. परदेशी न्यायालयाचा हुकूमनामा इकडे आपोआप लागू होतो, हाही भ्रमच. नरसिंह राव विरुद्ध वेंकट लक्ष्मी या १९९१ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ठरविले की, ज्या कायद्याखाली विवाह झाला त्यातील कारणांवाचून, किंवा पत्नी त्या न्यायालयापुढे स्वेच्छेने हजर न होता दिलेला घटस्फोट सर्वसाधारणपणे येथे मान्य होत नाही. म्हणजे तिकडचा परवाना गेला आणि इकडे विवाह कायम, अशा विचित्र अवस्थेत मुलगी सापडू शकते. यासाठी परदेशी न्यायालयाची नोटीस पांढुर्ण्याच्या घरी येऊन पडली, तर ती बाजूला न ठेवता तिकडच्या आणि इकडच्या अशा दोन्ही वकिलांना दाखवावी. हिंदू विवाह कायद्याच्या २००३ च्या दुरुस्तीने पत्नीला ती राहते त्या ठिकाणच्या जिल्हा न्यायालयात दाद मागता येते, आणि अनिवासी पतींविरुद्धच्या तक्रारींसाठी राष्ट्रीय महिला आयोगाचा स्वतंत्र कक्ष दिल्लीत आहे.