घाटात रेंज नाही, तिकीट तर फाडायचंय: फोनमधल्या डेटाबेसच्या वेगाबद्दल

पनवेल स्टँडवरून पुण्याला निघालेली एसटी डोळ्यांसमोर आणा. घाटात रेंज गेली तरी कंडक्टरला तिकीट द्यावंच लागतं. समजा, त्यासाठी आपण अॅप बनवतोय. मग डेटा हातातल्या यंत्रातच हवा. इथे लागतो एम्बेडेड डेटाबेस. वेगळा सर्व्हर नाही, अॅपच्याच पोटात चालणारी लायब्ररी.

यातला सगळ्यात ओळखीचा एसक्यूलाइट. रिचर्ड हिप यांनी २००० साली तो आणला. कल्पना अमेरिकी नौदलाच्या युद्धनौकेसाठीच्या कामातून सुचलेली. आज तुमच्या फोनमध्येही तो आहेच. जावावाल्यांकडे एच-टू आणि अपाचे डर्बी.

आता कोण फास्ट? एच-टूच्या स्वतःच्या चाचणीत डर्बी बराच मागे दिसतो. पण डर्बी कमिट करताना डेटा डिस्कवर खरंच उतरेपर्यंत थांबतो. एच-टू तसा थांबत नाही, आणि वीज गेली तर कमिट झालेलं सगळं टिकेलच असं नाही, हे त्यांच्याच माहितीपत्रकात स्पष्ट लिहिलंय. म्हणजे एक जण पावती फाइलला लावून मगच 'झालं' म्हणतो, दुसरा पावती हातात असतानाच. यांची शर्यत लावून काय कळणार?

एसक्यूलाइटमध्येही हेच. त्यांची माहिती सांगते की साध्या डेस्कटॉपवर सेकंदाला ५०,००० किंवा जास्त इन्सर्ट होतात, पण ट्रान्झॅक्शन मात्र काही डझनच. कारण फिरत्या डिस्कवर प्रत्येक ट्रान्झॅक्शनला डेटा पक्का लिहिला जाईपर्यंत थांबावं लागतं. फोनमध्ये चकती नाही, तरी ही थांबण्याची किंमत आहेच.

मग आपल्या अॅपचं काय? सकाळी भाड्याचा तक्ता भरताना हजारो ओळी एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये टाका. एकेक टाकत बसलात तर चहा थंड होईल. तिकिटं मात्र एकेकच कमिट करा. चाळीस तिकिटं साठवून एकदम लिहायला गेलात आणि बॅटरी संपली, तर पैसे पिशवीत आणि नोंद गायब; रात्री डेपोत हिशेब कोण जुळवणार? आणि कंडक्टर सेकंदाला एक तिकीटसुद्धा फाडत नाही हो! तिथे वेगाची चिंता फुकटची.

एसक्यूलाइटमध्ये एका वेळी एकच जण लिहू शकतो, ही तक्रार खरी आहे. पण इथे लिहिणारा एकटा कंडक्टरच. २०१० मध्ये आलेल्या वॉल मोडमुळे लिहिणं चालू असताना वाचणाऱ्यांना थांबावं लागत नाही. डेपोत महिन्याची बेरीज मारायची असेल, तर अॅमस्टरडॅमचा डकडीबी बघा. तो कॉलमनुसार साठवतो, त्यामुळे मोठ्या बेरजा झपाट्याने होतात.

वॉल मोड लावलात तर सिंक्रोनसचं सेटिंग 'नॉर्मल' की 'फुल' हे बघा. नॉर्मलमध्ये फोन अचानक बंद पडला तर फाइल बिघडत नाही, पण शेवटची काही तिकिटं जाऊ शकतात. तिकिटांसाठी मी फुलच ठेवेन.