डंगरी : मूळ गाव डोंगरी

पुण्याहून आलेल्या नातीच्या अंगात निळी डंगरी होती. “आजोबा, हा शब्द इंग्रजी,” ती म्हणाली. मी कपाटातून मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश काढला. १८५७ साली दुसरी आवृत्ती निघालेल्या या कोशात ‘डोंगरी कापड’ आहे. मुंबईच्या डोंगरी किल्ल्यालगतच्या वस्तीत विकले जाणारे साधे देशी कापड, असा मूळ अर्थ. पुढे कोणत्याही हलक्या सुती कापडास ते नाव पडले. इंग्रजीत हा शब्द सतराव्या शतकातच शिरला होता. जाडेभरडे, पण टिकाऊ. म्हणून त्याची शिडे झाली, खलाशांचे कपडे झाले आणि कापडाचे नाव पोशाखाला चिकटले. (डेनिमचे मूळही असेच गावात, फ्रान्सच्या नीम शहरात.)

आपल्या जिल्ह्याने कापूस पाहिला तो कच्चा. १८७० मध्ये लॉर्ड मेयोंच्या हस्ते खामगावचा रेल्वेफाटा सुरू झाला, तो कापसासाठीच. गाठी मुंबईला आणि तेथून विलायतेला जात.

कोशातला ‘हलके, स्वस्त’ हा अर्थ नातीला वाचून दाखवला आणि डंगरीची किंमत विचारली. तिने विषय बदलला.