तेलाच्या कुपीची चोच

आजोबा डोंगराच्या वाटेवरचे डोळखांब आणि त्याला लागून असलेला मुरबाडचा पट्टा हा भाताचा मुलूख असल्यामुळे तेथील यंत्रांचा विचार भातगिरणीपासूनच सुरू करावा लागतो. गिरणीतील मुख्य यंत्र म्हणजे हलर. बिडाच्या पेटीत फिरणारा कंगोरेदार रोळ आणि कडेला बसवलेली पोलादी पाती यांच्या फटीत भात घासले जाते, तूस व कोंडा सुटतो आणि तांदूळ बाहेर पडतो. ब्राझीलमध्ये 1880च्या दशकात निघालेला एंगेलबर्ग नमुना तो हाच. या यंत्राच्या जवळच, तेलाने काळवंडलेल्या फळीवर, लांब चोचीची पत्र्याची एक कुपी ठेवलेली असते. हलरविषयी कृषी खात्याच्या पुस्तिकांतून पुष्कळ लिहिले गेले. कुपीकडे मात्र, यंत्राचे आयुष्य तिच्यावर अवलंबून असूनही, भांडे यापलीकडे कोणी पाहिलेले नाही.

वंगण म्हणजे एकमेकांवर घासणाऱ्या दोन भागांमध्ये घर्षण कमी करण्यासाठी घातलेले तेल किंवा चरबी. हा शब्द यंत्रांच्या आधीचा, बैलगाडीचा आहे. गाडीच्या दांडीला टांगलेल्या नळीत तेलाने भिजलेली चिंधी आणि एक काडी असे, आणि तीच या प्रदेशातील वंगणाची पहिली साधने होत. काडीने आसाला तेल फासताना चार थेंब जास्त पडले तरी मातीत जात आणि कोणाचे काही बिघडत नसे. भातगिरणीत मात्र जास्तीचे तेल हाच मोठा दोष ठरतो. तुसात वजनाच्या 15 ते 20 टक्के सिलिका, म्हणजे वाळूचाच मुख्य घटक, असल्यामुळे त्याची धूळ बेअरिंगच्या तोंडाशी साचलेल्या तेलात मिसळली की घासकामाचा लेप तयार होतो आणि ज्या तेलाने बुश वाचायचे तेच त्याला खाऊ लागते. शिवाय ओघळलेला थेंब तांदळात उतरला तर गिऱ्हाईक दुसऱ्या गिरणीची वाट धरते. म्हणून कुपीचा कस तेल सोडण्यात जितका, त्याहून अधिक ते अडवण्यात लागतो.

सर्वांत प्रचलित कुपी लवचिक बुडाची. किंचित फुगीर, पातळ पत्र्याचे बूड अंगठ्याने दाबले की ते ‘टुक’ असा आवाज करून आत जाते आणि तेवढ्या घनफळाचे तेल चोचीतून बाहेर पडते. शिवणयंत्राबरोबर मिळणारी चिमुकली कुपीही याच जातीची असते. रचना इतकी साधी की तीत बिघडण्यासारखे फारसे काही नाही, पण तिच्या तीन खोडी आहेत. ती उपडी धरावी लागते. कुपी अर्धी रिकामी झाली की बुडाचा दाब आतली हवा आकसण्यात खर्च होऊन थेंब लहान होत जातो. आणि अंगठा सोडल्यावर आत जाणारी हवा त्याच चोचीतून, तेलात बुडबुडे काढत, जात असल्याने पुढचा थेंब उशिरा येतो. चौथी खोडी पावसाळ्याची म्हणावी लागेल. दमट हवेचे पाणी कुपीत जमते, तेलाहून जड असल्याने तळाशी बसते आणि कुपी उपडी करताच तेलाच्या आधी चोचीत उतरते, म्हणजे बेअरिंगला पहिला घोट पाण्याचा मिळतो.

दट्ट्याच्या कुपीत, म्हणजे आत लहानसा पंप असलेल्या कुपीत, यांतील बहुतेक उणिवा दूर झाल्या. खटका दाबला की दट्ट्या खाली जातो, छर्ऱ्याची एकमार्गी झडप तेलाला मागे फिरू देत नाही आणि कुपी भरलेली असो वा तळाला आलेली, प्रत्येक दाबाला जवळजवळ तेवढेच तेल मिळते. येथे सुधारणेची खरी जागा शोषणनळीच्या तोंडाशी आहे. बहुतेक कुप्यांत ती तळाला टेकते आणि शेवटचा थेंब निघावा म्हणून तळाचे पाणी व गाळ आधी उपसते. तीच बोटभर वर ठेवली, झाकणाच्या हवेच्या भोकाला नमद्याची चकती लावली आणि तेल भरण्याच्या तोंडावर बारीक जाळी बसवली, तर खर्च फारसा न वाढता कुपीचा गुण पालटतो. बोटभर तेल वाया जाते ही तक्रार कंजुषीची आहे.

चोचीचा प्रश्न याहून नाजूक. थेंब सुटल्यावर उरलेले तेल पृष्ठताणामुळे टोकाला लोंबत राहते आणि तेथून बाहेरच्या अंगाने ओघळते. टोकाची कड जाड वा बोथट असेल तर तेल तिला धरून राहते, पातळ व धारदार असेल तर चटकन तुटते. रेल्वेत प्रसिद्ध झालेल्या, लीड्सच्या जोसेफ के अँड सन्स यांच्या कुपीत अंगठ्याच्या बटणाने उघडणारी झडप होती, त्यामुळे बटण सोडले की धार थांबे. डोळखांबच्याच तालुक्यातील कसारा रेल्वेच्या नकाशावर 1861 साली आले आणि तेथून वर चढणाऱ्या थळ घाटात पुढे ‘खेकडा’ म्हणून ओळखली जाणारी विजेची इंजिने धावली. त्यांच्या जोडदांड्यांचे सांधे फिरताना वंगण मागत, आणि तेथे हात पोचायचा नाही पण चोच पोचायची, अशा जागा अनेक होत्या. चोचीची लांबी ही म्हणूनच सुरक्षिततेचीही बाब ठरते. 1948च्या कारखाने अधिनियमाचे 22वे कलम चालू यंत्राला तेल घालण्याचे काम घट्ट कपडे घातलेल्या प्रशिक्षित प्रौढ कामगारावरच सोपवत असे. थोड्या माणसांवर चालणारी गावची गिरणी सहसा त्या कायद्याच्या कक्षेत येत नसे. पट्टा मात्र तितकाच वेगाने फिरतो आणि सैल बाही तितक्याच सहज ओढतो.

तरीही उत्तम कुपी चुकीच्या भोकापुढे हतबल होते. बोशँ टॉवर यांनी 1883 साली बेअरिंगच्या प्रयोगांत बुशाच्या माथ्यावर तेलासाठी भोक पाडले, तेव्हा तेल आत जाण्याऐवजी तेथून उसळून बाहेर आले आणि ठोकलेली लाकडी खुंटीही निसटली. भाराखालच्या बाजूला फिरता शाफ्ट तेलाची पाचर ओढून घेतो आणि तीत मोठा दाब उत्पन्न होतो, हे ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी 1886 मध्ये गणिताने सिद्ध केले. भातगिरणीत शाफ्टवरचा मोठा भार पट्ट्याच्या ओढीचा असतो. पट्टा वरून ओढत असेल तर माथ्यावरचे भोक नेमके दाबाच्या जागी येते, आणि तेल घालूनही बुश तापते म्हणून तेलाला किंवा कुपीला दोष दिला जातो.

आता नव्या यंत्रांत बंद बॉलबेअरिंग व ग्रीसगन आल्याने कुपीचे काम आटले आहे. पण 6 अश्वशक्तीच्या, मिनिटाला 650 फेऱ्यांच्या लिस्टर नमुन्याच्या डिझेल इंजिनात आतले भाग तेलाच्या शिंतोड्यावर चालत असले, तरी वरच्या रॉकरना हाताने तेल घालावे लागते आणि तेथे कुपी लागतेच. दुकानातून आणलेल्या प्लॅस्टिकच्या बाटलीने हे काम भागवले जाते तेव्हा तिचे टोक सुरीने वाकडे कापलेले असते, थेंब शेंगदाण्याएवढा पडतो, आणि हलरखालच्या कोब्यावर तेल-कोंड्याची काळी खपली इतकी जाड बसते की हंगामाच्या अखेरीस ती थापीनेच खरवडावी लागते.