इंजिनाचा दिवा व ऑक्सिजन सेन्सर

जुन्या पेट्रोल मोटारीत इंजिनाचा पिवळा दिवा लागताच पुष्कळदा ऑक्सिजन सेन्सर बदलला जातो. यात पैसा जातो, आणि मूळ दोष तसाच राहण्याचा संभव असतो.

हा सेन्सर धुराच्या नळीत बसविलेला असतो. सुमारे ३०० अंश सेल्सियसपर्यंत तापल्यावर तो धुरातील ऑक्सिजनचे प्रमाण बहुधा ०.१ ते ०.९ व्होल्टच्या संकेताने गाडीच्या संगणकास कळवितो. त्यानुसार पेट्रोल कमीअधिक सोडले जाते. सेन्सरच्या अलीकडे नळीस चीर असल्यास बाहेरील हवा आत शिरते, पेट्रोल कमी पडल्याचा खोटा संकेत जातो आणि ते अकारण वाढविले जाते. त्यामुळे धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही अतितापाने निकामी होऊ शकतो.

म्हणून पुढील क्रम पाळावा :

१. इंजिन थंड असताना नळीच्या चिरा व सांधे पाहावेत.
२. उंदरांनी तारा कुरतडल्या आहेत काय, ते तपासावे.
३. इंजिन तापवून इंजिनाजवळील सेन्सरच्या संकेताच्या तारेस जाणकाराकडून डिजिटल मीटर लावून घ्यावा. आकडा झपाट्याने खालीवर होत असल्यास सेन्सर बहुधा ठीक समजावा.

नळी व तारा निर्दोष असूनही आकडा स्थिर राहिला, तरच सेन्सर बदलावा.