वडगावहून राजहंसगड: संध्याकाळची एक फेरी

बेळगावात सुट्टीला आलेला कुणी मित्र संध्याकाळी काय करायचं म्हणून विचारू लागला, की माझं उत्तर ठरलेलं असतं. गाडी काढ आणि वडगावहून येळ्ळूर रस्त्याला लाग. मॉलमध्ये काय, बेंगळुरू-पुण्यातही फिरता येतं. राजहंसगड जेमतेम बारा-पंधरा किलोमीटर. दिवाळीच्या सुमारास साडेचारला निघालात, तर रमतगमत जाऊनही सूर्य मावळायच्या आत गडावर पोचता.

यंदा बाबांना मागे बसवून गेलो. लहानपणी त्यांच्या एम-एटीवर पुढे मी उभा आणि मागे खताचं पोतं, असा आमचा प्रवास असायचा. आता खांद्यावर त्यांचा हात आणि कानाशी सूचना: "हळू चालव की रे, शिवार बघायला आलाव की शर्यतीला?"

वडगावची शेवटची घरं संपली की दोन्ही बाजूंना भात लागतं. काळी, चिकट जमीन. मेच्या शेवटी धूळवाफ पेरणी करायची आणि पावसाची वाट बघायची, ही इथली जुनी रीत. याच शिवारातून बळ्ळारी नाला जातो. जोराच्या पावसात तो पात्र सोडतो आणि आठ-आठ दिवस पीक पाण्याखाली राहतं. शाळेत असताना मला त्या पाण्याची मजा वाटायची. घरात तेव्हा कुणी फारसं बोलत नसे.

दिवाळीला मात्र हे शिवार पाहावं. बहुतेक रानं पिवळी झालेली, कुठे सुगी सुरू, कुठे रस्त्याकडेला मळणी. मधूनच एखादा हिरवट तुकडा दिसतो, तो बासमतीचा. येळ्ळूर, वडगाव, शहापूर भागातला हा बासमती उत्तरेतल्या लांब दाण्याच्या बासमतीपेक्षा वेगळा. उशिरा तयार होतो, उंच वाढतो, वाऱ्यापावसात आडवा पडतो आणि उतारा कमी देतो. म्हणून इंद्रायणीसारखी वाणं आली आणि बासमती मागे पडत गेला. वासाचं म्हणाल तर गाडी बंद करून बांधावर उभं राहायचं, बाकीचं नाक सांगतं.

आम्ही आमच्या बांधावर उभे होतो, तेवढ्यात शेजारचे काका विळा घेऊन आले. "कधी आलास? किती दिवस हाईस?" मग माझ्याकडे न बघता बाबांना म्हणाले, "ते एजंट परत आलते. गुंठ्याचा दर वाढवूलेत."

या भागात एजंट नवे नाहीत. शहर वडगावच्या बाहेर सरकतंय आणि हलगा-मच्छे बायपासनं याच सुपीक पट्ट्यातून वाट काढली. त्यावर शेतकऱ्यांची आंदोलनं आणि कोर्टकचेऱ्या वर्षानुवर्षं चालल्या. बायपास नको असं मी सरसकट म्हणणार नाही, शहरातल्या अवजड वाहनांचा त्रास आम्हीही सोसलाय. पण तीन-चार महिने पाण्यात राहून नंतर नुसत्या ओलीवर मसूर पिकवणारी जमीन दुसरीकडे कुठून आणायची? भात कापल्यावर वाफसा येताच इथे मसूर, वाटाणा, हरभरा पेरतात, वेगळं पाणी लागत नाही. बेळगावची मसूर पुण्यात मी शोधून दमलोय.

येळ्ळूर गाव आलं. चांगळेश्वरीचं देऊळ, कुस्तीचं मैदान, ग्रामीण साहित्य संमेलन भरवणारं हे गाव. बाबांनी चहा घ्यायला लावला. तिथून चढ सुरू होतो. गडावर सिद्धेश्वराचं देऊळ आहे आणि 2023 पासून शिवाजी महाराजांचा भव्य पुतळा. गर्दी पुतळ्यापाशी असते. आम्ही तटाकडे गेलो. पश्चिमेला सह्याद्रीच्या रांगा, खाली पिवळ्या-हिरव्या चौकटी आणि दुसरीकडे घरांची दाट रांग शेतांच्या कडेपर्यंत आलेली. वरून दोन्ही एकदम दिसतं.

"बाबा, तुम्ही काय सांगितलंत एजंटला?"

"मी काय सांगू? माझं वय अडुसष्ट. अजून चार-पाच सुग्या करीन. पुढं तू काय करणार, ते तू सांग."

मी लगेच काही बोललो नाही. त्यांनीही पुन्हा विचारलं नाही. सूर्य डोंगराआड गेला, गार वारा सुटला आणि त्यांनी कानटोपी चढवली.

उतरताना हिशेब सुरू झाला. मजुरी किती, ट्रॅक्टरचं भाडं किती, बासमतीला घरगुती गिऱ्हाईक किती मिळतील. माझ्या ऑफिसातले आठ-दहा जण तरी घेतील, असं मी म्हणालो. बाबांना ते पटलं नाही: "आधी त्यांना शिजवून घाल, मग बोल." शेवटी ठरलं ते असं. दहा गुंठे बासमती माझ्या नावावर, खर्च माझा, देखरेख त्यांची. धूळवाफ पेरणीला मी चार दिवस रजा टाकून यायचं, फोनवर चालणार नाही. बाकीच्या रानाचं सुगीनंतर बघू.

काकांना हे कळलं, तेव्हा ते एवढंच म्हणाले, "कुरी धरता येती का रं तुला?"