हात लावा, बघा काय होतं!

मुलांनो, कोल्हापूरचं टाउन हॉल संग्रहालय पाहिलंय ना? ब्रह्मपुरीच्या टेकडीवर सापडलेली समुद्रदेवाची छोटीशी ब्राँझमूर्ती तिथे आहे. तिला हात लावायची परवानगी नसते, आणि ते योग्यच आहे. ती झिजली तर दुसरी कुठून आणणार?

पण काही संग्रहालयं अशी असतात, जिथे हात लावला नाही तर काही कळतच नाही! मुंबईत वरळीला असलेलं नेहरू विज्ञान केंद्र हे त्यातलंच एक. १९७९ हे आंतरराष्ट्रीय बालवर्ष होतं. त्या वर्षी इथे आधी मोकळ्या आवारातलं विज्ञान उद्यान सुरू झालं. मुख्य इमारत उघडली ११ नोव्हेंबर १९८५ रोजी. म्हणजे मुलांसाठी बाग आधी आणि इमारत नंतर!

ही कल्पना जगभर गाजली ती अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्को शहरात १९६९ मध्ये उघडलेल्या 'एक्सप्लोरेटोरियम'मुळे. ते उभारणारे फ्रँक ओपेनहायमर मोठे भौतिकशास्त्रज्ञ होते. पण मधली काही वर्षं ते एका छोट्या गावच्या शाळेत चक्क शिक्षक होते. प्रयोग नुसता पाहायचा नाही, स्वतः करायचा, हा त्यांचा आग्रह.

अशा केंद्रांत हमखास दिसणारी एक गंमत सांगते. कप्प्यांवरून ओवलेल्या दोरीला एक खुर्ची टांगलेली असते. तुम्ही खुर्चीत बसायचं आणि दोरी ओढून स्वतःलाच वर उचलायचं! हे जमतं कसं? समजा, तुमचं आणि खुर्चीचं मिळून वजन ४० किलो आहे आणि ते दोरीच्या चार पदरांनी पेललंय. मग प्रत्येक पदरावर येतात फक्त १० किलो. तेवढंच तुम्ही ओढायचं. (घर्षणामुळे जरा जास्तच लागतं.) पण फुकट काही मिळत नाही बरं का! खुर्ची एक मीटर वर जायला दोरी चार मीटर ओढावी लागते.

आता यासाठी मुंबईलाच जायला हवं का? कोल्हापूरहून महालक्ष्मी एक्स्प्रेसने रात्रभराचा प्रवास, शिवाय सहलीचा खर्च. प्रत्येक घराला तो झेपतोच असं नाही. माझ्या वर्गातही सहलीला न येणारी मुलं असतात. म्हणून आम्ही हा खेळ वर्गातच केला. तुम्हीही करा.

साहित्य : दोन गुळगुळीत काठ्या आणि नायलॉनची लांब दोरी.

कृती : दोन मित्रांनी समोरासमोर उभं राहून एकेक काठी आडवी, घट्ट धरायची. दोरीचं एक टोक एका काठीला बांधा. मग दोन्ही काठ्यांभोवती मिळून तीन वेढे द्या. मोकळं टोक तिसऱ्याने ओढायचं. दोघांनी काठ्या लांबच ठेवायचा प्रयत्न करायचा. हं, काठ्यांच्या मध्ये बोटं घालू नका!

आमच्या वर्गात काठ्या धरल्या होत्या तालमीत जाणाऱ्या दोन दांडग्या मुलांनी. दोरी ओढायला उठली वर्गातली सगळ्यात किरकोळ मुलगी. सगळे हसले. तिने दोरी ओढली आणि दोघे पैलवान सरकत सरकत एकमेकांजवळ आले! "बाई, दोरीत जादू हाय!" एकजण ओरडला. ती मुलगी मात्र गप्पच. तिने काठ्या परत लांब केल्या आणि वितीने मोजायला लागली. काठ्या एक वीत जवळ आल्या की तिच्या हातात दोरी यायची जवळपास सहा विती! ती म्हणाली, "जादू न्हाई बाई, मी जास्त ओढलंय." दोरीचे सहा पदर तिने स्वतः शोधले होते. त्या वर्षी ती सहलीला आली नव्हती, पण विज्ञान केंद्र तिच्यापर्यंत आलं होतं.

सहलीला गेलात तर एवढं कराच. सगळी बटणं दाबत पळू नका. पाचच खेळ निवडा. हात लावण्याआधी 'काय होईल?' याचा अंदाज वहीत लिहा. अंदाज चुकला तर नाराज होऊ नका, खरी मजा तिथूनच सुरू होते.

आणि पालकांनो, गोव्याला जाणं झालं, तर समुद्रकिनाऱ्याबरोबर मिरामारच्या गोवा विज्ञान केंद्रालाही अर्धा दिवस द्या. मूल एकाच खेळापाशी रेंगाळलं तर "चल, पुढचं बघ" म्हणू नका. त्याचं काहीतरी मोजणं चाललेलं असेल!